नडगीचं दुखणं लपवू नको

प्रिय सुजय,

काल फोनवर तू म्हणालास नडगी सुजलीय पण चालतंय, स्प्रे मारून पट्टी बांधून पळतोय, सिक रिपोर्टला, म्हणजे फौजेच्या डॉक्टरला दाखवायला गेलो तर रेलिगेट करतील, ट्रेनिंगमध्ये मागच्या बॅचला टाकतील, आणि माझी बॅच पुढं निघून जाईल. तेवढ्यात पप्पांनी फोन घेतला, म्हणाले थोडं सहन करावंच लागतं रे, आणि तुझी वेळ संपली. मला बोलायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून आता अंगणवाडीत जायच्या आधी मोबाईलवर टाईप करतेय, ताई प्रिंट काढून पोस्टात टाकेल.

एवढंच सांगायचंय की एमआय रूमला, तुमच्या तिथल्या दवाखान्यात जा, दाखव, आणि लिहून घे. बास, परत नाही म्हणणार. इकडं सगळं ठीक आहे. म्हैस व्याली, रेडी झालीय. काकांनी बांधाचं परत काढलंय पण ते तू डोक्यात घेऊ नको. आज्जी रोज विचारते पोराला भाकरी मिळते का.

बेळगावला तुला सोडायला आलो तेव्हा पप्पा पाठदुखीचा कंबरेचा पट्टा घरीच ठेवून आले होते, तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. १९९४ ला ते मराठा रेजिमेंटच्या त्याच सेंटरला भरती झालेले, त्यांना तिथं पट्टा बांधून जायचं नव्हतं. तू आत गेलास आणि वळून बघितलं नाहीस तर म्हणाले, बघ, पोरगं मराठा झालं. परतीच्या एसटीत मात्र कराडपर्यंत त्यांना बसवेना, मागच्या सीटवर आडवे झाले. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटत होता आणि पोटात इतका गोळा होता की धड रडूही आलं नाही.

मी घाबरट आहे असं समजू नको. माझं माहेर आपशिंग्याचं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली, आमच्यात घरटी एक तरी फौजी. फौज मला नवीन नाही. पण दुखणं अंगावर काढणं आता मला बघवत नाही.

पप्पांची गोष्ट तुला अर्धीच माहितीय कारण ते ती अर्धीच सांगतात. काश्मीरमध्ये रात्रीच्या पेट्रोलिंगला बर्फावरून पाठीवरच्या सामानासकट खाली गेले हे सांगतात. पण दुसऱ्या दिवशी ते कोणालाच काही बोलले नाहीत, पेनकिलर खाऊन सगळा हिवाळा काढला, हे सांगत नाहीत. त्यामुळं त्या पडण्याचा इन्जुरी रिपोर्टच नाही. पुढं पाय बधिर व्हायला लागला तेव्हा कुठं हॉस्पिटल, मेडिकल कॅटेगरी खाली, आणि २००५ ला बोर्ड आऊट, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवलं. कागदावर काय आलं? मणक्याचा आजार, सेवेमुळं झालेला नाही, सेवेमुळं वाढलेलाही नाही, आणि वीस टक्क्यांपेक्षा कमी. एवढ्या दोन ओळींनी डिसॅबिलिटीचा सगळा भाग गेला. नुसती इनव्हॅलिड पेन्शन हातात आली, आणि तू पुढच्या वर्षी झालास. तेव्हा आम्ही काय खात होतो ते आज्जीला विचार.

गावात सत्कार झाला होता बरं का. स्टेजवर एका पुढाऱ्याने माईकवर सांगितलं की या जवानाला पाच एकर जमीन देणार आणि वाडीचा रस्ता त्याच्या नावाने करणार. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, तो फोटो अजून आपल्या कपाटात आहे. मी त्या जमिनीसाठी किती अर्ज केले, तुला कडेवर घेऊन किती ऑफिसात बसले. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब बदलले, अपील करा. सारखं एकच विचारायचे, पडल्याचा कागद कुठाय?

म्हणून म्हणते रे. लिहून घे.

२०१३ ला सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग या जवानाच्या केसचा निकाल आला तेव्हा आमच्या वकिलांनी फोन करून पेढे मागितले. त्यात कोर्टाने म्हटलं की भरतीच्या वेळी माणूस फिट होता, आजाराची कुठं नोंद नव्हती, तर पुढचा आजार सेवेमुळंच आला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर सरकारने ते सिद्ध करावं. पुढच्या वर्षी आणखी एका निकालात आलं की ज्याला फौजेनेच घरी पाठवलं त्याचं अपंगत्व वीसपेक्षा कमी धरायचं नाही, पन्नास धरायचं. त्यावर आपण २०१६ ला जिंकलो. पण मागची थकबाकी अर्ज केल्याच्या आधीची तीन वर्षंच मिळाली, त्यामुळं सुरुवातीची, सगळ्यात ओढीची वर्षं गेली ती गेलीच. निकाल वाचून पप्पा मला म्हणाले होते, तेव्हाच एमआय रूमला गेलो असतो तर. कधीतरी तुझ्याशीही बोलतील ते. तुझ्यासमोर त्यांना फौजीच राहायचंय.

आणि आश्वासनांचं काय सांगू. २०१३ च्या सप्टेंबरात रेवाडीला मोदींची माजी सैनिकांची मोठी सभा झाली, पप्पा टीव्हीसमोरून हलले नाहीत. वन रँक वन पेन्शन, म्हणजे एकाच पदावरून तेवढीच नोकरी करून आलेल्या सगळ्यांना सारखी पेन्शन. मग निवडणूक तोंडावर आली तेव्हा आधीच्या सरकारने बजेटमध्ये पाचशे कोटी ठेवले, तेवढ्यात काय होणार होतं. मग २०१५ ला म्हातारी माणसं मेडल लावून जंतरमंतरला बसली आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना ढकललं, त्यांचे शर्ट फाटले, ते बघून पप्पा जेवले नाहीत. सप्टेंबरात घोषणा झाली, पण पेन्शन दरवर्षी सारखी करायची मागणी होती ती पाच वर्षांनी करायची ठरली, आणि पुढं त्याच्या थकबाकीसाठीसुद्धा सुप्रीम कोर्टाला तारखा घालून द्याव्या लागल्या. मिळालं नाही असं मी म्हणणार नाही, बऱ्याच जणांना मिळालं, आपल्यालाही थोडं मिळालं. पण मागून, रडून, भांडून.

सगळ्यात जास्त लागलं ते २०१६ चं. २९ सप्टेंबरला सर्जिकल स्ट्राइकची बातमी, सगळा देश फौजेचं कौतुक करतोय, आणि सरकारच्या ३० तारखेच्या पत्रात जखमी सैनिकांचा डिसॅबिलिटीचा हिशोब बदललेला. पगाराच्या टक्क्यांवर मिळायचं ते काढून ठरलेली रक्कम, शंभर टक्के अपंगत्वाला ऑफिसरला २७,०००, जवानाला १२,०००. पाय दोघांचा सारखाच जातो ना रे? सिव्हिलवाल्यांना मात्र टक्केच ठेवले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी परत टक्क्यांवर आणलं. म्हणजे चूक होती हे कळत होतं, ओरडायला मात्र जखमी माणसांनीच जायचं.

आता तुमचं तर आणखी वेगळं. तू अग्निवीर, चार वर्षं, मग तुमच्यातले पंचवीस टक्केच ठेवणार. म्हणून तुम्ही पोरं दुखणं लपवणार हे मला कळतं, प्रत्येकाला त्या पंचवीसमध्ये यायचंय. पण तुमच्या योजनेत बघ. सेवेमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी ४४ लाख, २५ लाख नाहीतर १५ लाख, शंभर, पंचाहत्तर आणि पन्नास टक्क्यांप्रमाणे. पप्पांसारखी महिन्याची पेन्शन नाही. आणि तेसुद्धा सेवेमुळं झालं असं कागदावर असेल तरच. निवडणुकीत कोणी म्हणालं योजनाच बंद करू, कोणी म्हणतं निमलष्करी दलात जागा राखून ठेवल्यात. मिळालं तर चांगलंच आहे, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण तू त्याच्यावर विसंबून नडगी मोडून घेऊ नको.

झालं, लेक्चर झालं. सॉरी. तू तिथं पहाटे उठून पळतोस आणि मी इथं बसून सरकारचा हिशोब सांगतेय. रागावू नको.

तू चौथीत असताना पप्पांना पुण्याला दाखवायला नेलं होतं, तेव्हा खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये त्यांच्या युनिटच्या एकाला भेटायला गेलो होतो, आठवतं का? तू त्यांची व्हीलचेअर ढकलत होतास, त्यांनी तुला चॉकलेट दिलं. पप्पा तिथं सगळ्यांना मुरलीकांत पेटकरांचं सांगत होते, आपल्या सांगलीकडचे, १९६५ ला गोळ्या लागल्या, १९७२ ला जर्मनीत पॅरालिम्पिकला पोहण्यात सुवर्ण मिळवलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ ला. येताना तू म्हणालास मी पण फौजी होणार. मी काही बोलले नाही. तेव्हाच मला कळलं होतं की तुला आडवता येणार नाही, आणि खरं सांगू, आडवायचंही नव्हतं.

रेलिगेट झालास तर होशील. चार-सहा आठवडे मागं. इथं कोणी हसणार नाही, आणि काकी हसल्या तर हसू दे. हाडाला चीर असली आणि तू त्याच्यावर पळत राहिलास तर ते कुठं जाऊन थांबेल हे मला पप्पांच्या पाठीवर रोज तेल लावताना दिसतं.

सोमवारी सिक रिपोर्टला जा. कधीपासून दुखतंय, काय करताना सुरू झालं, सगळं सांग, आणि त्यांनी तसंच लिहिलंय का ते वाच. एक्स-रे काढला तर त्याची तारीख तुझ्या वहीत लिहून ठेव. दुखणं थोडंसंच आहे असं स्वतःच बोलू नको, ते डॉक्टरला ठरवू दे.

लाडू पाठवलेत, वाटून खा, सगळे एकट्याने संपवू नको.

तुझी,
आई

ता.क. हे पप्पांना वाचून दाखवलं. बर्फाचं लिहिलंय तिथं ते उठून अंगणात गेले, मग आत येऊन म्हणाले त्याला लिही, सिक रिपोर्टला जायच्या आधी उस्तादांना, तुझ्या ट्रेनिंगवाल्यांना स्वतः सांग, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. आणि रविवारी फोन आला की आधी माझ्याकडं द्या म्हणाले.