प्रयोगशाळेतल्या मामांना, ओढ्यातल्या कामाबद्दल

आदरणीय मामा,
सा. न.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना परिच्छेद मिळतो आणि तुमच्या वाट्याला 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्ग' एवढंच येतं. तेवढ्यावर भागवणं मला पटेना, म्हणून हे जाहीर पत्र.

ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांचे नमुने घेणं कागदावर फार सोपं असतं. सर्बर सॅम्पलरची फूटभर लांबी-रुंदीची चौकट तळाला टेकवायची, जाळीचं तोंड प्रवाहाकडे करायचं, चौकटीतले दगड चोळायचे, सुटेल ते पाणीच जाळीत नेतं. पण खडकाळ तळावर चौकट धड बसेल तर ना! कडेखाली गोटा आला की फट पडते आणि ऐवज तिथूनच पसार. जागा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या, त्यामुळे सोयीची जागा शोधायची मुभा नाही. तुम्ही चौकटीच्या खालच्या कडेला जाड फोमची पट्टी शिवलीत आणि तो प्रश्न बराचसा मिटला. अर्धा आत, अर्धा बाहेर असलेल्या गोट्याचा वादही तुम्हीच संपवलात: निम्म्याहून जास्त आत असेल तर आपला, नाहीतर ओढ्याचा.

दगड चोळायला मी तुमच्याकडूनच शिकले. मेफ्लाय या पाणकिड्याची चपटी पिल्लं दगड उचलताच सरसर पलीकडच्या अंगाला पळतात. काळ्या माशीच्या अळ्या मागच्या आकड्यांनी रेशमाच्या ठिपक्याला धरून बसतात. एका भुंगेऱ्याची नाण्यासारखी गोल अळी तर दगडाच्याच रंगाची, ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागते. तुम्ही प्रत्येक दगडाची खालची बाजू अंगठ्याने चाचपून मगच तो बाजूला ठेवायचात. मग खालची खडी ढवळायची, तीही प्रत्येक चौकटीत घड्याळ लावून तेवढाच वेळ. पाणी कितीही गार असो, वेळेत सूट नाही! आणि पुढची चौकट नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपणच तुडवलेलं जाळीत येत नाही.

कोणते किडे सापडतात त्यावरून ओढ्याचं पाणी कसं आहे ते ठरवायचं, म्हणून या काटेकोरपणावर सगळं उभं होतं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या बहुतेक जाती घाण पाण्यात टिकत नाहीत. उलट कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या काही लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. घट्ट चिकटलेली मंडळी दगडावरच राहून गेली, तर चांगला ओढाही कागदावर बिघडलेला दिसायचा. एकाच पट्ट्यातले नमुने एकमेकांशी इतके जुळतात कसे, असं परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं.

पांढऱ्या ट्रेपाशी बसवलेली शिस्तही तुमचीच. पाणी निवळू द्यायचं, वाळूची नळी चालायला लागली की तो कॅडिस, वाळूचं घर घेऊन फिरणारी अळी. स्टोनफ्लाय आधी उचलायचे, कारण त्यातले शिकारी बाकीच्यांना खाऊन टाकतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचं हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत.

मनापासून आभार, मामा. प्रबंधाची एक प्रत विभागात तुमच्यासाठी ठेवली आहे. पद्धतीचं प्रकरण तेवढं वाचा, आणि कुठे काही राहून गेलं असेल तर पेन्सिलीने खूण करा.

तुमची,
एक विद्यार्थिनी