रात्री मला कोण उठवत होतं, ते तुम्ही ओळखलंत

प्रिय सिस्टर,
सप्रेम जय ख्रिस्त.

समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, गोळी घेतलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

त्या रविवारी मी उपासनेत साक्ष दिली होती. प्रभू मला रोज रात्री उठवतो, एकदा नाही, तीन-चार वेळा, आणि मी उठून प्रार्थनेला बसतो, असं सांगितलं. उपासांनी सात किलो वजन उतरलं, हेही मोठ्या आनंदाने सांगितलं. मंडळी 'आमेन' म्हणाली. मी खोटं बोलत नव्हतो, सिस्टर. जे घडत होतं ते तसंच घडत होतं. त्याचा अर्थ मात्र मी मनानेच लावला होता.

उपासना सुटल्यावर तुम्ही दारापाशी थांबलात. सगळे हात मिळवून पुढे गेले, आणि तुम्ही हळूच विचारलंत, "रात्री जाग आली की आधी प्रार्थनेला बसतोस की आधी बाथरूमला जातोस?" मी म्हटलं, बाथरूमला. "आणि पाणी?" उशाशी भरून ठेवलेली बाटली पहाटेपर्यंत रिकामी होते, हे सांगताना माझाच आवाज खाली गेला. मग तुमची नजर माझ्या पायाकडे गेली. चपलेच्या पट्ट्याने घासून घोट्याजवळ झालेली जखम तीन आठवडे भरत नव्हती. तुम्ही चर्चच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, गुडघा दुखत असतानाही खाली बसलात, चष्मा पुसलात आणि ती जखम नीट पाहिलीत. एवढंच म्हणालात, "उद्या सकाळी काही खाऊ नकोस. मी येते."

मी म्हणालो होतो, प्रभू सांभाळेल. तुम्ही माझा हात धरून तिथेच लहानशी प्रार्थना केलीत आणि वर म्हणालात, "सांभाळतोच आहे. पण काय झालंय ते तरी कळू दे आपल्याला." माझ्या विश्वासाला तुम्ही धक्का लावला नाहीत. लावला असतात तर मी कदाचित हट्टाला पेटलो असतो.

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर 187, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 9.2. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, आणि एचबीएवनसी 6.5 किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कागदाच्या पाठीमागे मूत्रपिंडाचं चित्र काढून समजावलंत. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून पुन्हा पुन्हा लघवी, म्हणून घशाला कोरड. आणि साखर रक्तात असूनही पेशींना वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळू लागतं. ज्या सात किलोंचं श्रेय मी उपासांना देत होतो, त्यातले किती असे गेले असतील, कोण जाणे.

घरी येऊन मी बायबलमधला 1 शमुवेलाचा तिसरा अध्याय काढला. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेली गोष्ट. हाक देवाची होती, पण लहानग्या शमुवेलाला वाटलं म्हातारा याजक एली बोलावतोय. तीनदा तो उठून पळत गेला, आणि तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात आलं की हाक कोणाची आहे. माझं नेमकं उलटं झालं होतं. हाक शरीराची होती आणि मी ती देवाची समजलो. एली मात्र मलाही भेटला.

त्या दिवसांत आपल्यातलेच एक बंधू मला म्हणाले होते, गोळ्या सुरू करणं म्हणजे विश्वास कमी पडणं. मी दोन रात्री तळमळत काढल्या. तुम्ही वाद घातला नाहीत, बायबलमधल्या आजारी हिज्कीया राजाची गोष्ट वाचायला लावलीत. देवाने त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून देण्याचं वचन दिलं, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. वचनही होतं आणि औषधही. पौल ज्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, त्या लूकाचं शुभवर्तमान आपण इतकी वर्षं वाचतोय, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत.

उपासांबद्दलही तुम्ही वेळीच अडवलंत. औषध चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास धरला तर काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर धोकादायक खाली जाऊ शकते, हे मला कोण सांगणार होतं?

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. तुम्ही माझ्या धाकट्या भावालाही तपासणीला नेलंत. त्याला काहीच त्रास नव्हता. पण आमच्या वडिलांना मधुमेह होता, आणि हा आजार वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता राहू शकतो, असं तुम्ही बजावलंत. त्याचं एचबीएवनसी 5.9 निघालं, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. तो घाबरला, तेव्हा 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाबद्दल तुम्ही त्याला सांगितलंत: आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि वजन सात टक्क्यांनी कमी करणं हे लक्ष्य ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं होतं. आता तो रोज संध्याकाळी चालतो. मला न्यायला दारात येतो.

माझं एचबीएवनसी सहा महिन्यांनी 6.6 वर आलंय. घोट्याची जखम भरली, फक्त डाग उरलाय. रात्री सलग झोप लागते. प्रार्थनेसाठी पहाटे पाचचा गजर लावतो.

पाळकांना मी पुढच्या रविवारी पाच मिनिटं मागून घेतली आहेत. त्या दिवशी दिलेली साक्ष मला त्याच मंडळीसमोर पुरी करायची आहे. तुम्ही नेहमी मागच्या बाकावर बसता. त्या दिवशी कृपा करून पुढे बसा.

तुमचा ऋणी,
प्रार्थना गटातला तुमचा बंधू