प्राजक्ताच्या शिक्षणाबद्दल काकांना

ला क्रॉस, विस्कॉन्सिन

ती. काका व सौ. काकू यांना,
सा. नमस्कार वि. वि.

काका, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झाल्यावर प्राजक्ताने क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या (आजारी माणसाला व्यायाम मोजून द्यायच्या शास्त्राच्या) एमएससाठी इकडे यावं का, आणि मुळात व्यायाम शिकायला एवढे पैसे घालून अमेरिका कशाला. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, पहिल्याचं त्यातच बरंचसं येईल.

हार्ट अटॅक आला की माणसाला सहा आठवडे खाटेवर निजवून ठेवायचं, अशी पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर होती. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं होतं. पुढे १९६६ मध्ये डॅलसमध्ये पाच तरण्याबांड, निरोगी मुलांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची ताकद चौथ्या हिश्शाने घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या खाटेपेक्षा कमी निघाली. आपल्याकडे अँजिओप्लास्टीनंतर घरचे प्रेमाने सांगतात ना, "आता काही करू नका, नुसता आराम करा", ते किती महागात पडतं हे यावरून कळतं.

तुम्ही एसटीत होतात म्हणून आणखी एक सांगते. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर जिना चढउतार करणारे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की हृदयविकार ड्रायव्हर लोकांत जास्त. या विषयाची बरीच इमारत त्या बसच्या जिन्यावर उभी आहे.

पण "चाला, चालणं चांगलं" एवढं सांगायला कोणाला शिकायची गरज नाही. इथे शिकवतात तो व्यायाम औषधासारखा मोजून द्यायचा असतो: कोणता, किती जोराचा, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणत्या खुणेला ताबडतोब थांबवायचा. समोर बायपास झालेला, हार्ट फेल्युअरचा, सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा), केमोथेरपी चालू असलेला किंवा इन्सुलिन घेणारा माणूस असतो. इन्सुलिनवाल्याची साखर व्यायामाआधी ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं द्यायची आणि मगच सुरुवात. २५० च्या वर असून कीटोनही असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. वय ६२, अँजिओप्लास्टी झालेली, मेटोप्रोलॉल चालू. कोणत्याही जिममध्ये २२० मधून वय वजा करतील: १५८. त्याचे ६० ते ८० टक्के, म्हणजे ९५ ते १२६ ठोके ठेवा म्हणतील. मेटोप्रोलॉल ठोके दाबून ठेवतं. समजा ती गोळी घेऊनच केलेल्या ट्रेडमिल टेस्टमध्ये तुमचे ठोके फार फार तर १२४ पर्यंत गेले. म्हणजे जिमवाल्याचा वरचा आकडा तुमच्या कमाल ताकदीच्याही पलीकडचा झाला. शिवाय २२० चा हिशोब गोळी न घेणाऱ्या माणसातही दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो.

बरोबर पद्धत अशी: बसल्या जागेचे ठोके ६४, टेस्टमधले कमाल १२४, फरक ६०. त्याचे ४० ते ६० टक्के म्हणजे २४ ते ३६. ते ६४ मध्ये मिळवले की ८८ ते १००. सुरुवात या पट्ट्यात. टेस्टमध्ये समजा ९८ ठोक्यांनाच छातीत दुखलं किंवा ईसीजीत बदल दिसला असता, तर त्याच्या निदान दहा खाली राहायचं, म्हणजे ८८ ही वरची मर्यादा झाली असती. सोबतीला स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी असते. रुग्णाला स्वतःला किती जड वाटतंय ते त्याने सांगायचं, आणि ११ ते १३ मध्ये राहायचं. गोळीचा डोस बदलला की ठोक्यांचे आकडे बाद होतात, ही मोजपट्टी चालू राहते. हे सगळं मी समजा म्हणून धरलेल्या आकड्यांवर आहे. तुमचा खरा पट्टा तुमच्या रिपोर्टवरून आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरेल. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात त्याच चालीला ठोके बरेच वर जातात, तेव्हा सिद्धेश्वर तलावाची फेरी पहाटेच उरका आणि चाल घड्याळावर न ठेवता ठोक्यांवर ठेवा.

आता प्राजक्तासाठी. प्राजक्ता, यातलं निम्मं शिक्षण हाताचं आहे आणि ते हात सोलापुरातच बसवता येतात.

पहिलं इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीसाठी अंगाला चिकटवायच्या चकत्या. केस काढायचे, स्पिरिटने पुसायचं, मग त्वचा जरा लालसर होईपर्यंत खरखरीत पट्टीने घासायची. इथे आळस केला की माणूस पळायला लागल्यावर ईसीजीची रेघ वरखाली डुलते आणि ईसीजीतल्या एसटी नावाच्या भागातला एक मिलिमीटरचा फरक वाचताच येत नाही. निदान तर त्याच एका मिलिमीटरवर असतं: जे बिंदूपासून (जिथे एसटी भाग सुरू होतो तिथून) ६० ते ८० मिलिसेकंदांवर आडवी किंवा खाली उतरणारी रेघ. जागा डोळ्यांनी ठरवू नकोस, बोटाने मोज. उरोस्थीवरचा आडवा उंचवटा सापडला की तिथे दुसरी बरगडी जुळते. तिच्याखालची फट दुसरी, तिथून दोन खाली उतरलीस की चौथी. तिथे छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड, उरोस्थीच्या व्ही१ उजवीकडे, व्ही२ डावीकडे. घाईत बहुतेकांचे हे दोन वर जातात आणि धडधाकट माणसाच्या ईसीजीत जुना अटॅक दिसायला लागतो. हातापायांचे इलेक्ट्रोड ट्रेडमिलवर धडावर घेतात, याला मेसन-लायकर पद्धत म्हणतात, १९६६ पासूनची. त्या ईसीजीवर तसं लिहून ठेवायचं, कारण झोपवून काढलेल्या ईसीजीशी तो तंतोतंत जुळत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, चालत्या माणसाचं बीपी हाताने घेणं. मशीनचा खडखडाट, पावलांचा धपधप आवाज आणि त्यात स्टेथोस्कोप. आपोआप मोजणारी यंत्रं दंड हलला की गडबडतात, त्यामुळे इथे अजूनही हाताच्याच कफवर भरवसा. टेस्टच्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात घ्यायचं. रुग्णाने दांडा सोडलेला हवा, दंड हृदयाच्या पातळीला तू स्वतः तोलून धरायचा, स्टेथोस्कोपची नळी कफला किंवा कपड्याला घासू द्यायची नाही. आधीच्या आकड्याच्या २०-३० वर हवा भरायची आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने सोडायची. दंडाला कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं. श्रम वाढतील तसं वरचं बीपी वाढायला हवं, साधारण दर मेटमागे दहा (मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागणाऱ्या ऑक्सिजनच्या किती पट श्रम, त्याचं माप). श्रम वाढूनही ते दहाहून जास्त खाली आलं तर लगेच पुन्हा घे. खरंच उतरलेलं असेल आणि सोबत छातीत दुखणं किंवा ईसीजीत बदल असेल तर टेस्ट तिथेच बंद. चक्कर, तोल जाणं, चेहरा पांढराफटक पडणं, टिकून राहिलेला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे धोकादायक जलद ठोके), वाढत जाणारं छातीचं दुखणं, ईसीजी नीट दिसेनासा होणं, आणि रुग्णाने "बास" म्हणणं, यांपैकी कशालाही दुसरा विचार नाही. वरचं २५० किंवा खालचं ११५ च्या पुढे गेलं तरी थांबवतात. सिव्हिलच्या ओपीडीत पोस्टिंग असेल तेव्हा रोज दहा-बारा जणांचं बीपी साध्या कफवर घे. इथे येऊन ते शिकायला वेळ मिळत नाही.

तिसरं गणित. ट्रेडमिल टेस्टच्या ठरलेल्या टप्प्यांचा ब्रूस प्रोटोकॉल सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांचा, १९६३ चा. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किमी आणि १२ टक्के. चालण्याचं सूत्र पाठ कर: मिनिटाला किती मीटर त्याला ०.१ ने गुण, त्यात १.८ गुणिले वेग गुणिले चढ (१० टक्के म्हणजे ०.१) मिळव, वर ३.५. पहिल्या टप्प्याचा वेग नेमका ताशी १.७ मैल, मिनिटाला ४५.६ मीटर, म्हणजे ४.६ अधिक ८.२ अधिक ३.५, झाले १६.३ मिलिलिटर दर किलोला दर मिनिटाला. ३.५ ने भाग, साधारण ४.६५ मेट. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला ही पहिलीच पायरी केवढी उंच आहे ते यावरून समजेल, म्हणून त्यांना सपाटीपासून सुरू होणारा सुधारित प्रोटोकॉल किंवा हळूहळू चढणारा रॅम्प देतात. आणि दांडा घट्ट धरून चालणाऱ्याचे मेट मशीन भरघोस दाखवतं, शरीराने तेवढं काम केलेलं नसतं. त्या फुगलेल्या आकड्यावर व्यायाम लिहून दिला तर तो घरी गेल्यावर झेपत नाही.

श्वासातले वायू मोजणारं यंत्र इथे आल्यावर शिकशील. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने प्रवाह तपासायचा, ओळखीच्या प्रमाणाचा वायू आणि खोलीतली हवा, २०.९३ टक्के ऑक्सिजन, दाखवून सेन्सर जुळवायचे. मास्क नाकाच्या बाजूला गळत असेल तर सगळे आकडे कमी येतात आणि माणूस आहे त्याहून अशक्त ठरतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात हृदय बदलण्याचा विचार करावा का, हेसुद्धा कमाल ऑक्सिजन वापराच्या, दर किलोला दर मिनिटाला १४ मिलिलिटरच्या, आसपासच्या रेषेवर तोललं जातं, बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी गोळी) चालू असेल तर १२. तिथे गळका मास्क म्हणजे खेळ नाही.

सोलापुरात यंत्र नसलं तरी सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट करता येते. ३० मीटरचा सरळ, सपाट बोळ, दोन्ही टोकांना कोन, एक स्टॉपवॉच, एक खुर्ची. बोळ छोटा घेतला तर वळणं वाढतात आणि अंतर कमी येतं, म्हणून दर वेळी तोच बोळ. रुग्णाच्या बरोबरीने चालू नकोस, तुझी चाल त्याला लागते. मिनिटामिनिटाला ठरलेलीच वाक्यं बोलायची, "अजून जोरात!" असं नाही. दुसऱ्या वेळी सरावानेच अंतर थोडं वाढतं, तो सुधार म्हणून मोजू नकोस.

काका, आपल्या गावाला अशा माणसाची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. यंत्रमागावर दिवसभर उभं राहून माणूस दमतो, विडी वळणाऱ्या बाया दिवसभर मांडी घालून बसतात, आणि दोघांनाही वाटतं की कष्ट होतायत म्हणजे व्यायाम झाला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी जड नंदीध्वज पेलणाऱ्यांचं पाहा. एवढं वजन उचलताना श्वास कोंडला की बीपी एकदम उसळतं. अँजिओप्लास्टी झालेला गडी म्हणाला, मला यंदा पुन्हा उचलायचाय, तर त्याला उत्तर देणारं कोणी हवं. वजनाचे व्यायाम अँजिओप्लास्टीनंतर निदान तीन आठवड्यांनी, त्यातले दोन देखरेखीखाली चालण्याचे. अटॅक किंवा बायपासनंतर निदान पाच आठवड्यांनी, त्यातले चार देखरेखीचे. बायपासवाल्याने छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे ८ ते १२ आठवडे, जड उचलायचंच नाही. तेही सुरुवातीला हलकं वजन, १० ते १५ वेळा, उचलताना श्वास सोडत. नंदीध्वज ही त्याच्या फार पुढची पायरी.

आता खर्चाआधी नीट समजून घ्यायची गोष्ट. ही पदवी घेऊन प्राजक्ता अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होणार नाही. ते लायसन्स वेगळं, त्याचा रस्ता वेगळा. या क्षेत्राला स्वतःचं राज्य लायसन्स फक्त लुइझियानात आहे. बाकी ठिकाणी एसीएसएमची (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची) सीईपी, म्हणजे क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टची, परीक्षा हेच मुख्य प्रमाणपत्र. त्या परीक्षेसाठी एमएसवाल्याला रुग्णांसोबतचे ६०० तास दाखवावे लागतात. म्हणून विद्यापीठाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: ते तास कोर्समध्येच भरतात की स्वतः शोधायचे, आणि रुग्णालय किती लांब. इकडच्या छोट्या गावांत बस नसते, गाडी चालवता येणं लागतं. दुसरा प्रश्न आय-२० वरच्या (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरच्या) सीआयपी कोडचा, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गवारीच्या कोडचा. पदवीनंतर कामाला १२ महिने सगळ्यांना मिळतात. कोड २६ ने सुरू होणारा असेल तर आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. एकाच नावाच्या दोन कोर्सेसचे कोड वेगळे असू शकतात, तेव्हा नावावर जाऊ नका.

कागदांत वेळ जातो तो नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या ट्रान्सस्क्रिप्टला, त्याचा अर्ज आधी टाका. हिपॅटायटिस बी, गोवर आणि कांजिण्यांच्या लसींच्या नोंदी शोधून ठेवा. टीबीसाठी त्वचेची टेस्ट नको, रक्ताची आयजीआरए करा. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्सरेचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षंच चालतं, निघायच्या जरा आधी करावं.

माझं मत विचाराल तर इंटर्नशिपनंतर तिने लगेच विमानात बसू नये. एक वर्ष सोलापुरात किंवा पुण्यात हृदयरुग्णांच्या फिजिओथेरपी विभागात काम करावं. रुग्णाशेजारी तास-तास उभं राहून आकडे टिपणं तिला आवडलं तर इकडे यावं. हाताने उपचार करणं जास्त आवडलं तर महाराष्ट्रातच कार्डिओ-रेस्पिरेटरी एमपीटी (फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण) करावं, ते कमी खर्चात होईल आणि तिच्या हातात आधीचं लायसन्सही राहील.

तुमच्या शेवटच्या ट्रेडमिल टेस्टची सगळी पानं, फक्त पहिलं नाही, प्राजक्ताकडून फोटो काढून पाठवा. त्या दिवशी मेटोप्रोलॉल घेतली होती की डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितली होती, तेही लिहा. काकूंना नमस्कार, शेंगाचटणी पोचली. आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
शुभदा