आई, माझ्यावतीने माफी मागू नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायला गेले की आई तू दोन मिनिटांत "बरं ठेवते, झोप तू आता" म्हणतेस, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा तिला.

शनिवारी निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तू सासूबाईंना फोन केलास ना. चिऊला ताप आणि मी पहाटे 4 पासून स्टुडिओत बातम्या वाचतेय, हे कळल्यावर म्हणालीस, "तिच्यावतीने मी माफी मागते हो, तुम्हीच सांभाळून घेता." रात्री त्यांनीच मला सांगितलं. त्यांना लागलं गं ते. म्हणाल्या, परक्याचं लेकरू सांभाळते का मी?

ह्या माफीची सुरुवात कधी झाली ते मला पक्कं आठवतंय. 23 नोव्हेंबर 2019, तोही शनिवारच. मावशीकडे आमचं केळवण होतं आणि मी सकाळची शिफ्ट करून 11 ला सुटणार होते, पण 8 च्या सुमाराला राजभवनावर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाल्याचं आलं आणि आदल्या रात्रीपर्यंत उद्धव ठाकरेंचं नाव चाललेलं त्यामुळे न्यूजरूममध्ये कुणालाच काही समजेना, मग कानात "होल्ड कर, होल्ड कर" ऐकत मी दुपारी 3 पर्यंत खुर्चीतून हलले नाही. केळवणाला तुमचे जावई एकटेच जेवले. तेव्हा तू त्यांच्या घरच्यांसमोर पहिल्यांदा हात जोडलेस.

आई, मला हे सगळं सहज जमतं असं मी म्हणतच नाहीये. चिऊच्या वेळची रजा कायद्याप्रमाणे 26 आठवडे मिळाली, पण परत गेले तेव्हा माझं रात्री 9 चं बुलेटिन दुसऱ्या मुलीला दिलं होतं, मला पहाटेची शिफ्ट. तिथे दूध काढायला वेगळी जागा नव्हती, मेकअप रूमच्या दाराला आतून खुर्ची लावून बसायचे. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. इर्शाळवाडीच्या सकाळी तर, 20 जुलै 2023, चिऊ 14 महिन्यांची होती, दरडीखाली गेलेल्या घरांचे व्हिज्युअल्स एकामागून एक येत होते, मी वाचत होते आणि टेबलाखाली माझे पाय थरथरत होते. ब्रेकमध्ये घरी फोन केला, फक्त तिचा श्वास ऐकायला. शेवटी 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ता राहिले, हे आकडे मी चार दिवस वाचले आणि घरी येऊन तिला जवळ घेऊन नुसती बसून राहिले.

लग्नाचं म्हणशील तर आम्ही दोघं एकमेकांना धड भेटतो ते पहाटे पावणेतीनला. सव्वातीनला कॅब येते. तो उठतो, चहा टाकतो, आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच पितो, लाइट बिल, चिऊचं डोसचं कार्ड, त्याच्या बँकेतलं काय काय, सगळं त्या 20 मिनिटांत. भांडणंसुद्धा तेव्हाच. मागच्या महिन्यात एक मोठं झालं, तो म्हणाला मला घरात बायको हवीये, टीव्हीत नको. मी काहीच न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी चहा मात्र तयार होता आणि तो म्हणाला, मी दमलोय गं, बाकी काही नाही. मीही दमलेय म्हटलं. तेवढ्यावर मिटलं. निकालाच्या दिवशी चौथा शनिवार, म्हणून तो घरीच होता. मला कॉल नाही केला, थर्मामीटरचा फोटो पाठवला, 101, आणि खाली लिहिलं, औषध दिलंय, तू वाच.

आणि सासूबाई. चिऊ मी टीव्हीवर दिसले की समोर दोन्ही हात वर करून उभी राहायची, घे म्हणून, आणि मी घेत नाही म्हणून रडायची. तेव्हापासून त्या सकाळी टीव्ही लावत नाहीत. स्वयंपाकघरात फोनवर, एका कानात इअरफोन घालून माझं बुलेटिन बघतात. आई, ज्या बाईने हे आपलं आपण ठरवलं तिच्यासमोर तू माफी मागितलीस की त्यांचं प्रेम उपकारासारखं वाटायला लागतं. त्यांनाही, मलाही.

आणि हे काम मी कुणाच्या घरात शिकले? 7 वाजता बाबा सह्याद्रीच्या बातम्या लावायचे, प्रदीप भिडेंचा आवाज सुरू झाला की घरात कुणी बोलायचं नाही, आणि मग मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. चमच्यातला च वेगळा, चहातला वेगळा, आणि न-ण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तू कणीक मळता मळता ऐकायचीस आणि बाबांच्या आधी चूक पकडायचीस.

संक्रांतीला या दोघंही. मी 2 दिवस सुट्टी टाकलीये, निवडणूक झालीये त्यामुळे मिळेल. बाबांच्या गुडघ्याचे रिपोर्ट सोबत आणा. आणि त्याआधी सासूबाईंना फोन केलास तर त्यांना तुझ्या भाजणीचं प्रमाण सांग, दिवाळीपासून विचारतायत.

चिऊचा ताप उतरलाय. आज वरणभात खाल्ला.

तुमची,
ताई