झाला एकदाचा थिसीस

कोल्हापूर,
२९ जून

प्रिय पप्या,

झाला एकदाचा थिसीस. परवा व्हायवा झाली, काल बाइंड केलेल्या तीन प्रती डिपार्टमेंटला दिल्या आणि आज सकाळी साडेदहापर्यंत झोपलो. ताप आहे का बघायला आई दोनदा कपाळाला हात लावून गेली म्हणे.

तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि तिन्हींत एकच प्रश्न, "शेवटी निघालं काय त्यातनं?" फोनवर सांगायला लागलो की तू मधेच हसतोस, म्हणून पत्र लिहितोय. शिवाय यात तुझ्या आबांचा संबंध आहे, तो तुला नीट कळायला पाहिजे.

गेल्या वर्षी ऑनर्स घेऊ का विचारलं तेव्हा तू म्हणालास, जादा क्रेडिट म्हणजे जादा डोकेदुखी, पगार तेवढाच. बरोबर होतं तुझं. पण त्याच मे महिन्यात चिखलीत तुमच्या नदीवरच्या मोटरचं वायंडिंग (आतली गुंडाळलेली तार) जळालं, वर्षात दुसऱ्यांदा. मी घरी आलो होतो, आबा सोप्यात बसले होते. म्हणाले, "एवढी वर्षं मोटरीचं शिकतासा, जळायच्या आधी मोटर काय बोलत्या का, तेवढं तरी बघा." चहा संपायच्या आत माझा विषय ठरला. गाईड मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्याला शोभेल असं नाव दिलं: इंडक्शन मोटरच्या करंटवरून रोटरमधला बिघाड ओळखणे.

तू कोडवाला, म्हणून थोडक्यात सांगतो. रोटर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरमध्ये ५० हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमनं फिरतं. रोटर त्याच्या मागं धावतो पण कधी गाठत नाही, लोड असला की १४५५ च्या आसपास राहतो. ही ३ टक्क्यांची पिछाडी म्हणजे स्लिप. पिंजऱ्यातली एखादी दांडी तुटली की मोटरच्या करंटमध्ये ५० च्या दोन्ही बाजूंना, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, दोन बारीक रेघा उगवतात. ३ टक्के स्लिप असेल तर ४७ ला एक आणि ५३ ला एक. मोटर उघडायची गरज नाही. वायरवर सीटी (करंट मोजणारं कडं) अडकवायचा, दहा सेकंद करंट नोंदवायचा, एफएफटी काढायची, म्हणजे त्यात कुठकुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते वेगळं करायचं. दहा सेकंद एवढ्यासाठी की मग ०.१ हर्ट्झपर्यंतचा फरक वेगळा दिसतो. कागदावर इतकं देखणं होतं, की दिवाळीपर्यंत सगळं उरकेल असं मी घरी सांगून टाकलं होतं.

तुटका रोटर आणायचा कुठून? उद्यमनगरात एक वायंडर आहेत, मोटरी भरतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. त्यांच्याकडनं भंगारातली पाच एचपीची मोटर घेतली आणि म्हटलं, रोटर चांगलाय, त्याला ड्रिलनं भोक पाडून एक दांडी तोडून द्या. दुभत्या म्हशीची शिंगं कापायला आणल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडं. "चांगल्याला वाईट करायला कॉलेजात जातासा व्हय?" पण दिलं पाडून. बिट ॲल्युमिनियममध्ये शिरताना आधी चुरचुर आवाज येतो आणि खाली लोखंडाच्या पत्र्यांना टेकला की एकदम किंचाळतो. तिथं थांबायचं. हे कुठल्याही पेपरात लिहिलेलं नाही, मामांच्या कानाला माहीत होतं.

डिसेंबरात लॅबमध्ये मोटर बसवली, पट्ट्यानं जनरेटरला जोडली, लोड टाकला. आणि ४७ ला एक, ५३ ला एक! मर्दा, मी त्या स्क्रीनचा फोटो काढून तुलाही पाठवला होता, आठवतंय? तू "नाद खुळा" म्हणून उत्तर दिलं होतंस. मॅडम म्हणाल्या, पेपर होईल याचा. मी मनातल्या मनात पेपरावर स्वतःचं नावसुद्धा छापून टाकलं.

जानेवारीत तक्ते भरायला बसलो तर एक रकाना रिकामा. चांगला रोटर, पूर्ण लोड. चांगल्या रोटरचं रीडिंग मी घेतलं होतं, पण आळशीपणानं पट्टा काढून, मोटर मोकळी फिरवून. त्यात रेघा नव्हत्या, म्हणून मी खूश. म्हटलं, एक रकानाच तर भरायचाय. संध्याकाळी सहाला चांगला रोटर घातला, पट्टा चढवला, लोड टाकला. ४७ ला एक, ५३ ला एक. त्याच रेघा, तेवढ्याच उंच.

आधी वाटलं फाइल चुकून जुनीच उघडली. पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच. कँटीन बंद झालेलं, बाहेर अंधार, आणि ज्याची दांडी तुटलेली नाही तो रोटर मला छातीठोक सांगतोय की माझी दांडी तुटलीय.

चार दिवस कोणाला बोललो नाही. प्रोग्रॅम तपासला, सेन्सर बदलला, फिल्टर बदलला. पाचव्या दिवशी मामा दुसरी मोटर पोचवायला लॅबमध्ये आले. माझी मोटर चालू होती. ते दारातच थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "पट्टा दे फेकून." मला काही ऐकू येईना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटानं ताल दिला, टप टप टप, सेकंदाला तीन. मग आलं ऐकू. पट्ट्याला एका जागी गाठीसारखा कडक भाग होता, तो पुलीवरनं गेला की टप.

रात्री हिशेब मांडला. पुली चार इंची, म्हणजे घेर साधारण ३२ सेंटिमीटर. मोटर सेकंदाला सव्वाचोवीस फेरे. पट्टा बी १०० मापाचा, लांबी अडीच मीटरच्या थोडी वर. म्हणजे पट्टा सेकंदाला जवळजवळ तीन वेळा पूर्ण फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्याला त्या गाठीचा हिसका मोटरला बसतो. ५० वजा ३, ५० अधिक ३. माझा सगळा शोध म्हणजे पट्ट्याची गाठ! पुली पाच इंची असती, तर त्या रेघा भलत्याच ठिकाणी आल्या असत्या आणि मी पहिल्याच दिवशी डोकं खाजवलं असतं. नेमकी चार इंचीच होती.

एक गोष्ट मात्र यातनं हाती लागली, आणि थिसीसमधलं तेच पान मला आवडतं. लोड निम्मा केला की स्लिपही निम्म्यावर येते, म्हणजे तुटक्या दांडीची रेघ ३ हर्ट्झवरनं दीडवर सरकते. पट्ट्याची रेघ मात्र जागची हलत नाही, कारण मोटरचा वेग १४५५ वरनं १४७७ पर्यंतच जातो. तेव्हा रेघ दिसली की लगेच निकाल द्यायचा नाही, लोड बदलायचा आणि ती सरकते का बघायचं. मग पट्टा काढून सरळ कपलिंगनं जोडलं आणि सगळी रीडिंगं पहिल्यापासून घेतली. फेब्रुवारी, मार्च त्यात गेले. पूर्ण लोडला तुटकी दांडी स्वच्छ ओळखू येते. निम्म्याला येते, पण डोळे बारीक करून बघावं लागतं. पाव लोडला रेघ ५० हर्ट्झच्या मोठ्या सुळक्याला इतकी चिकटते की तिथं काही आहे असं शपथेवर सांगता येत नाही. जास्त वेळ नोंदवून बघितलं, तर लाईन फ्रिक्वेन्सीच इकडं तिकडं हलते, सुळका फिसकटतो. सिनॉप्सिसमध्ये मी "कोणत्याही लोडला" असं लिहिलं होतं. ते दोन शब्द खोडताना हाताला जड गेलं.

आता आबांचं.

एप्रिलमध्ये मामांकडं थिसीसचा मसुदा घेऊन गेलो, जरा भाव खावा म्हणून. त्यांनी चित्रं बघितली, कागद परत दिला आणि विचारलं, "रोटर फुटलेली मोटर तू कुणाच्या शेतात बघितलीस?" मी गप्प. म्हणाले, तीस वर्षांत फुटके रोटर आले असतील बोटावर मोजण्याएवढे, बाकी सगळ्या जळक्याच. मग कोपऱ्यातनं एक जुना स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, ओढला आणि आत टॉर्च मारला. पप्या, तो तुमचाच होता, गेल्या मे महिन्यातला. आत बघितलं तर वायंडिंग समोरासमोर दोन जागी कोळशासारखं काळं, आणि मधलं सगळं वॉर्निशसकट पिवळंधमक, कालच भरल्यासारखं. "बघ की. लोडनं जळली असती तर सगळी सारखी जळली असती. ही फेज गेल्यावर जळल्या."

मी चार वर्षं ज्याची समीकरणं सोडवली ते मामा टॉर्चनं वाचत होते. तीनमधली एक फेज गेली की चालती मोटर थांबत नाही, तेवढाच भार दोन वायरींवर ओढत राहते, त्यांतला करंट साधारण १.७३ पट होतो. डेल्टा, म्हणजे तीन वायंडिंगांच्या त्रिकोणी जोडणीत, त्यातलाही मोठा वाटा एकाच वायंडिंगवर पडतो, बाकी दोघांच्या दुप्पट. ते एकटं भाजतं. तुमची मोटर दोन पोलची, म्हणून काळे डाग दोन. चार पोलची असती तर चार दिसले असते.

दुसऱ्या दिवशी चिखलीला गेलो आणि स्टार्टरची पेटी उघडली. आत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर होता, म्हणजे फेज गेली की मोटर बंद पाडणारी डबी. चांगला, दिवा लागणारा. आणि त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये तीन इंचांची लाल वायर. बायपास! म्हणजे प्रिव्हेंटर असून नसल्यासारखा. मी वर्षभर ४७ आणि ५३ करत बसलो आणि उत्तर तीन इंचांच्या वायरीत होतं.

मी जरा चढ्या आवाजात विचारलंही, कुणी लावली ही? आबांनी शांतपणे सांगितलं, मीच. रात्रीची लाईट असती तेव्हा तीन फेजमध्ये व्होल्टेज सारखं नसतं, प्रिव्हेंटर दर अर्ध्या तासाला मोटर पाडतो. घरापासनं नदी सव्वा किलोमीटर. रात्री दोनला काठी आणि बॅटरी घेऊन साप-किरडू चुकवत किती वेळा जायचं? आणि तेवढ्यात लाईटच गेली तर उसाची पाण्याची पाळी हुकली. "मोटर जळली तर भरून मिळत्या. ऊस वाळला तर कोण भरून देणार?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून अर्धवटच आहे. मीटर लावला तेव्हा व्होल्टेजमध्ये ३ टक्क्यांचा असमतोल होता. ऐकायला किरकोळ वाटतो, पण व्होल्टेजमधला १ टक्का करंटमध्ये ६ ते १० टक्के होऊन बाहेर पडतो. तेव्हा प्रिव्हेंटर खोटं बोलत नव्हता आणि आबाही खोटं बोलत नव्हते. शिवाय व्होल्टेज बघणाऱ्या प्रिव्हेंटरची आणखी एक गंमत आहे. फेज गेल्यावर चालती मोटर त्या मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळं तो फसूही शकतो. करंट बघितला तर तसं फसायला होत नाही. आणि करंट बघायचं माझं डबडं तर तयारच होतं! मॅडमना सांगून शेवटी पंधरा पानांचं एक प्रकरण घातलं: फेज गेली तर लगेच बंद करायची, नुसता असमतोल असेल तर तो किती आहे त्यावर वेळ द्यायचा. लॅबमध्ये चालतंय. नदीवर अजून लावलेलं नाही.

व्हायवा वीस मिनिटांची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रोटरचं एकही विचारलं नाही, पट्ट्याचं पान काढून बसले. म्हणाले, हे छापलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. मी म्हटलं, सर, मामांना कळलं असतं. मॅडम खाली बघून हसल्या. आभाराच्या पानावर मामांचं नाव गाईडच्या लगेच खाली आहे. प्रत दाखवायला नेली तर म्हणाले, "नाव बरोबर हाय, पण दुकानाचा पत्ता न्हाय की."

संध्याकाळी एकटाच गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यालो. तू नव्हतास म्हणून दोन पेले प्यालो, दुसऱ्याचे पैसे तुझ्याकडं लागतात.

इकडं पाऊस लागलाय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. मघाशी आबांचा फोन आला होता, उद्या उजाडताच मोटर नदीवरनं वर काढायची, कासरा आणि दोन माणसं लागतील. मी येतो म्हटलं. बोलता बोलता तहही झाला: स्टार्टरची पेटी पावसाळाभर माझ्याकडं राहणार, दसऱ्याच्या सुमारास मोटर परत उतरली की माझं डबडं लावून बघायचं, पण एका रात्रीत दोनदा उठायला लागलं तर लाल वायर परत जागेवर. सही नाही झाली, एवढंच.

तू दसऱ्याला येतोयस ना? रात्री नदीवर जायला एक माणूस कमी पडतोय.

तुझाच,
सद्या

ता. क. त्या स्क्रीनचा फोटो अजून तुझ्या मोबाईलमध्ये असेल तर पुसून टाक.