मामा, मागचा पाय तुम्ही दाखवलात

आदरणीय मामा,

तबेल्यात मोतद्दाराचे, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्याचे, आभार मानायची रीत नाही. घोडा स्वाराच्या हाती दिला की तो बाजूला होतो, कौतुक स्वाराचं होतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मुंबईत घोडेस्वारी शिकवणारे आम्ही काही जण कँटर ही घोड्याची चाल ज्या पद्धतीने समजावतो, ती पद्धत तुमची आहे.

मराठीत दुडकी आहे, चौखूर आहे. दुडकीहून वेगवान आणि चौखूरहून संथ अशा मधल्या चालीला तबेल्यात कँटरच म्हणतात. नवा स्वार तिच्याकडे जोरातली दुडकी म्हणून बघतो आणि तिथेच फसतो. दुडकीत दोन ठोके असतात, तिरप्या जोडीतले पाय एकदम पडतात. कँटरमध्ये तीन ठोके, आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. तुम्ही चंदीची बादली उपडी घालून बोटांच्या पेरांनी वाजवायचात: ठक, ठक, ठक, आणि हात वर. तो वर थांबलेला हात आम्ही अजून विसरलो नाही.

डावीकडे वळत चाललेला घोडा सुरुवात करतो मागच्या उजव्या पायाने, म्हणजे बाहेरच्या. मग मागचा डावा आणि पुढचा उजवा एकदम टेकतात. शेवटी पुढचा डावा. हा सगळ्यांत पुढे पडताना दिसतो, म्हणून याला लीड म्हणतात आणि सगळे यालाच बघत बसतात. पण लीड ठरते पहिल्या ठोक्याला, मागे. पुढच्या पायात ती फक्त दिसते. हे कळावं म्हणून तुम्ही तीन पायांना पांढऱ्या पट्ट्या आणि बाहेरच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायचात. लाल पट्टी खाली आली की पहिला ठोका. इतकं सोपं कुणी केलं नव्हतं.

इशाराही त्याच पायाला द्यायचा. कोपऱ्याच्या जरा आधी बाहेरचा लगाम क्षणभर धरून सोडायचा, आतली पोटरी तंगापाशी, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्यापाशी, बाहेरची पोटरी त्याच्या चार बोटं मागे, आतला हात मऊ. मांड खोगिरात, छाती सरळ. कोपऱ्यात शरीर आधीच आत वळलेलं असतं, त्यामुळे बरोबर लीड, म्हणजे आतल्या बाजूची, मिळणं सोपं जातं. स्वार लीड बघायला आतल्या खांद्यावर वाकला की वजन तिथेच पडतं आणि जो खांदा मोकळा हवा तोच अडकतो. नुसत्या टाचा मारत राहिलं तर घोडा दुडकीतच पळत सुटतो. त्याचं ओझं पुढच्या पायांवर गेलेलं असतं, मागचा पाय पोटाखाली येणार कसा? अशा वेळी दुडकी शांत करायची, मग पुन्हा मागायचं.

रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं तर प्रत्येक शिकाऊ स्वाराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. घाबरून दोन्ही लगाम ताणले की असा घोडा तोंडातल्या कडीवर रेलतो आणि वेग वाढवतो, कारण त्याच्या लेखी ताणलेला लगाम म्हणजे पळ. धरा-सोडा, धरा-सोडा करत वीसेक मीटरच्या गोलात घ्यायचं.

कधी मागे एक लीड, पुढे दुसरी, अशी फारकत होते. खोगीर आडवं घुसळल्यासारखं वाटतं. तोल गेला असेल तर दुडकीत आणून पुन्हा सुरुवात करायची. पण एकाच बाजूला हे वारंवार होत असेल तर तुम्ही चाबूक हातातून काढून घ्यायचात आणि तळहात घोड्याच्या कमरेवरून सावकाश फिरवायचात. कातडी थरथरली की खोगीर उतरायचं, डॉक्टर आणि नालबंद यांना बोलवायचं. त्या तळहाताने किती घोड्यांचा मार वाचला असेल!

आणि श्वास. कँटरमध्ये एका झेपेला एकच श्वास, पुढचे पाय टेकताना बाहेर पडणारा. घोडा आपल्या मर्जीने जास्त श्वास घेऊ शकत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग निवत नाही. म्हणून आधी दहा मिनिटं साधं चालणं, मग दुडकी, मग कँटरच्या दोन-तीन मिनिटांच्याच फेऱ्या, मध्ये पुन्हा चालणं. आरामात उभा असलेला घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. काम संपल्यावर बरगड्यांमागचा भाता त्या आकड्याकडे उतरायला लागेपर्यंत त्याला हातात धरून फिरवायचं. हेही तुम्हीच करायचात, स्वार निघून गेल्यावर.

दमलेला घोडा आधी कानाला कळतो. मधली जोडी फुटते, तीनाचे चार ठोके होतात, हवेतला क्षण नाहीसा होतो. मागचे पाय ढकलत नसताना लगाम आखडला तरी हेच. चौखूर पळतानाही चार ठोके पडतात, पण तिथे वेग असतो. इथे नुसतं फरफटणं. महालक्ष्मी रेसकोर्सवर पहाटे फिरायला येणाऱ्यांनी सरावाच्या घोड्यांच्या टापा डोळे मिटून ऐकाव्यात, फरक कळेल.

मामा, मनापासून आभार. बादली अजून तीच आहे, कड वाकलेली. नव्या मुलांसाठी आम्ही तीच वाजवतो.

तुमचे,
रिंगमधले सगळे