चरबी आहे, पण कुलूप इन्सुलिनचं

धुळे

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

डायबेटिस असलेल्या आईचं चार किलोचं गुटगुटीत बाळ, तरी त्याची शुगर का उतरते, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर यकृतात आहे.

पोटात बाळाला वारेतून साखर अखंड मिळते. इन्सुलिन चढं असतं, ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं संप्रेरक) कमी. अशा वेळी यकृत चरबी बनवत असतं. त्यासाठी असिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे एन्झाइम मॅलोनिल-कोए हा चरबीचा कच्चा माल तयार करतं, आणि हेच मॅलोनिल-कोए सीपीटी-१ ला अडवून धरतं. सीपीटी-१ म्हणजे फॅटी आम्लांना मायटोकॉन्ड्रियात शिरू देणारं एन्झाइम. म्हणून चरबी बनत असते तोवर ती जळत नाही.

नाळ कापली की साखर बंद होते. पहिल्या एक-दोन तासांत शुगर उतरते, ते स्वाभाविकच. इन्सुलिन पडतं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनलिन उसळतात, पेशीत सीएएमपी (या संप्रेरकांचा निरोप आत पोचवणारा रेणू) वाढतं. कार्बोक्सिलेज मंदावतं, मॅलोनिल-कोए घटतं, सीपीटी-१ चं जनुक कामाला लागतं. अंगातून सुटलेली फॅटी आम्लंही त्या जनुकाला जोर देतात. उंदराच्या पिल्लांत तर मॅलोनिल-कोए उरलं तरी सीपीटी-१ त्याला पूर्वीइतकं जुमानत नाही. मला यातली ही गोष्ट सर्वात सुंदर वाटते. मग चरबी जळून कीटोन हे इंधन बनतं, मेंदू ते वापरतो. शिवाय चरबी जळून मिळालेल्या ऊर्जेवरच यकृत नवी साखर तयार करतं.

आता तुझ्या प्रश्नातलं बाळ. आईची साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. त्यामुळे बाळाचं स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन करायला शिकतं, आणि नाळ कापल्यावरही ते लगेच थांबत नाही. चरबीची कणगी भरलेली, पण इन्सुलिनचं कुलूप लागलेलं. शुगरही कमी, कीटोनही कमी, मेंदूला दोन्हीकडून उपास. सातपुड्यातल्या धडगावकडच्या दीड-दोन किलोच्या बाळाचं उलट असतं, तिथे कणगीच रिकामी.

म्हणून तासाभरात बाळ आईच्या अंगावर दे, तिला चीक पाजायला लाव, दर दोन-तीन तासांनी पाजत राहायला सांग. पहिल्या दिवशी चीक थोडाच येतो, पण तो पुरतो. गूळपाणी, मध मुळीच नको. चिकाची जागा ते घेऊ शकत नाही, आणि मधाने बॉट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका. सातपुड्यात थंडी असेल तर बाळ कोरडं करून टोपी घाल. थंडीत ऊब टिकवण्यातच साठा संपतो.

शुगर ४० च्या खाली आणि बाळ सुस्त, थरथरतंय किंवा झटके येताहेत, तर वाट बघू नकोस. १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण), किलोमागे २ मिली शिरेतून सावकाश दे. मग लगेच त्याचीच ठिबक, मिनिटाला किलोमागे ६ मिलिग्रॅम ग्लुकोज. चार किलोच्या बाळाला ८ मिली आणि पुढे तासाला १४.४ मिली. नुसता बोलस (तो पहिला डोस) देऊन थांबलीस तर साखरेने इन्सुलिन पुन्हा उसळतं आणि शुगर आणखी खाली जाते. ठिबक काढतानाही एकदम नको, टप्प्याटप्प्याने उतरव.

शुगर दूध पाजण्याआधी बघ. टाच आधी कोमट कर, बाजूला टोच, स्पिरिट पूर्ण वाळू दे, नाहीतर आकडा फसवा येतो. लॅबला पाठवायची असेल तर फ्लोराइडची नळी वापर आणि लगेच पाठव. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात.

तुझी,
मीना